मेबल नॉर्मंड चॅप्लिनची सहनायिका एवढीच होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मूकपटांच्या काळातील विनोदी अभिनेत्री मेबल नॉर्मंड हिचे नाव चॅप्लिनच्या चरित्रात दोन-चार पानांपुरते येते आणि नंतर एकदम हॉलिवूडमधील खून-प्रकरणांच्या पुस्तकांतच भेटते, मग तिची स्वतःची म्हणावी अशी कारकीर्द होती का, तिने खरोखर दिग्दर्शन केले होते का, आणि ती कारकीर्द बदनामीमुळेच संपली का? मी व्यवसायाने संकलक आहे आणि चित्रपट-रसास्वादाच्या वर्गांत मूकपट दाखवून त्यांवर बोलत आलो आहे, त्यामुळे उत्तर तिच्या चरित्रापेक्षा तिच्या चित्रपटांच्या अंगाने देतो. कारकीर्द होती आणि ती भरभक्कम होती. दिग्दर्शनही तिने केले. बदनामीने तिचे नुकसान केले हे खरे असले, तरी तिच्या कारकिर्दीचा कणा त्याआधीच मोडला होता, आणि तो 1914 ते 1917 या काळात, चित्रपटांवरचा ताबा तिच्या हातून निसटला तेव्हा मोडला, असे माझे मत आहे.

मेबलचा जन्म 1892 मध्ये न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील न्यू ब्रायटन येथे झाला. पंधरा-सोळाव्या वर्षांपासून ती चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करू लागली. चार्ल्स डेना गिब्सन आणि जेम्स मॉन्टगोमेरी फ्लॅग यांच्यासारख्या त्या काळच्या नामांकित मासिक-चित्रकारांसमोर ती बसली होती. हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. तासन्‌तास एकाच मुद्रेत बसणे आणि आपला चेहरा समोरच्याला कसा दिसतो आहे याचे भान ठेवणे, या दोन्ही गोष्टी रंगभूमीवरून चित्रपटांत आलेल्या नटांना सहसा येत नसत. ते हातवारे करीत. मेबलला तशी गरज भासत नसे.

1911 च्या सुमारास तिने व्हायटाग्राफ कंपनीत जॉन बनी या स्थूल विनोदी नटाबरोबर काही लघुपट केले, आणि बायोग्राफ कंपनीत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या हाताखाली गंभीर भूमिकाही केल्या. 1912 च्या ‘द मेंडर ऑफ नेट्स’मध्ये ती मेरी पिकफर्डबरोबर आहे, आणि त्यात विनोदाचा लवलेश नाही. बायोग्राफ तेव्हा आपल्या कलावंतांची नावे जाहीर करीत नसे; इंग्लंडमधील वितरकांना मात्र प्रेक्षकांसाठी काहीतरी नाव हवे असल्याने त्यांनी चक्क खोटी नावे छापली, आणि तिथे मेबल ‘म्युरिएल फोर्टेस्क्यू’ या भारदस्त नावाने ओळखली जाऊ लागली. याच कंपनीत मॅक सेनेट विनोदी पथक चालवीत असे. ‘द डायव्हिंग गर्ल’सारख्या लघुपटांत पोहण्याच्या पोशाखातली, उंचावरून पाण्यात सूर मारणारी मेबल त्याने पडद्यावर आणली आणि तिथून पुढे दोघांची नावे कायमची जोडली गेली, पडद्यावर आणि पडद्याबाहेरही.

1912 मध्ये केसल आणि बाउमन या दोघांच्या भांडवलावर सेनेटने कीस्टोन कंपनी सुरू केली आणि मेबल, फोर्ड स्टर्लिंग व फ्रेड मेस यांना घेऊन तो लॉस एंजेलिसजवळच्या ईडनडेल येथे आला. कंपनीचे पहिले लघुपट 23 सप्टेंबर 1912 रोजी प्रदर्शित झाले. त्यांपैकी ‘द वॉटर निम्फ’ची नायिका मेबल होती. काही महिन्यांतच तिचे नाव थेट शीर्षकांत येऊ लागले: ‘मेबल्स लव्हर्स’, ‘मेबल्स अ‍ॅडव्हेंचर्स’, ‘मेबल्स स्ट्रॅटजेम’. ज्या कंपनीतून ती आली तिथे नाव छापायलाही बंदी होती, आणि इथे नावावर तिकिटे विकली जाऊ लागली, तीही चॅप्लिन अमेरिकेच्या पडद्यावर येण्यापूर्वी सव्वा वर्ष. त्यामुळे तिला चॅप्लिनची नायिका म्हणण्यापेक्षा, तो कीस्टोनमध्ये दाखल झाला तेव्हा ती तिथली प्रस्थापित तारका होती आणि तो नवशिका होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

आता कीस्टोनच्या विनोदाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय मेबल काय करीत होती ते कळणार नाही. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटींचा वेग धरला तर एक फूट म्हणजे एक सेकंद. आणि हजार फुटांचे एक रीळ साधारण सोळा मिनिटे चालते. कीस्टोनमध्ये विनोदी दृश्य क्वचितच दहा फुटांच्या वर जाई, असे चॅप्लिनने आत्मचरित्रात नोंदवले आहे. दहा सेकंदांत माणूस येणार, आदळणार, दुसऱ्याला लाथ मारणार आणि पळत सुटणार. या गदारोळात सगळेच नट एकाच पट्टीत ओरडत असल्यासारखे दिसतात, आणि मधोमध मेबल उभी असते, जिचा चेहरा जवळजवळ स्थिर असतो. तिची खासियत अशी की धक्का बसल्यावर ती लगेच प्रतिक्रिया देत नाही. क्षणभर थांबते, डोळे बाजूला वळवते, आणि पुष्कळदा सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, ‘पाहिलंत ना?’ अशा अर्थाने पाहते. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ती जागा घेते आणि हशा वसूल करते. संकलकाच्या दृष्टीने हे सोन्यासारखे असते, कारण कापायचे कुठे हे नटीनेच दाखवून दिलेले असते.

पडद्यावर पहिला खाद्यपदार्थ तोंडावर फेकण्याचा मान तिला दिला जातो आणि त्यासाठी 1913 च्या ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’चा दाखला देतात. त्याआधी 1909 च्या एका लघुपटातही असा पदार्थ तोंडावर आदळलेला आहे, त्यामुळे ही कथा ऐकून सोडून द्यावी. सेनेटच्या आठवणींत अशा रंगवलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

दिग्दर्शनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 1913 च्या अखेरीस ती स्वतःचे चित्रपट दिग्दर्शित करणार असल्याचे जाहीर झाले आणि 1914 च्या जानेवारीत ‘वन इन अ क्लॉझेट’ आला. हा लघुपट नष्ट झाल्याचे मानले जात होते. 2010 मध्ये न्यूझीलंडच्या चित्रपट-संग्रहात अमेरिकन मूकपटांचा मोठा साठा उघड झाला, त्यात त्याची प्रत निघाली. त्यानंतर ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’, ‘मेबल अ‍ॅट द व्हील’, ‘कॉट इन अ कॅबरे’ यांचे दिग्दर्शन आज सामान्यतः तिच्याकडे दिले जाते. सामान्यतः असे म्हणतो, कारण कीस्टोनच्या चित्रपटांवर दिग्दर्शकाचे नाव झळकत नसे, सेनेटचा हात सगळीकडे असे आणि काही चित्रपटांचे श्रेय चॅप्लिन व मेबल यांच्यात आजही वाटले जाते. तरीही त्या वेळी अ‍ॅलिस गी आणि लोइस वेबर यांच्यासारख्या मोजक्या स्त्रियाच दिग्दर्शन करीत होत्या, आणि धसमुसळ्या विनोदाच्या आखाड्यात तर स्त्री-दिग्दर्शक जवळजवळ नव्हतीच. मेबल तेव्हा एकवीस वर्षांची होती.

‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ जरा जवळून पाहण्यासारखा आहे. चॅप्लिनने ढगळ विजार, तंग कोट, गोल टोपी आणि छडी हा वेश प्रथम याच चित्रपटासाठी चढवला. याच वेशातला त्याचा दुसरा लघुपट मात्र या चित्रपटाच्या दोन दिवस आधी, 7 फेब्रुवारी 1914 रोजी प्रदर्शित झाला इतकेच. हॉटेलच्या दिवाणखान्यात दारूच्या नशेत घुटमळणाऱ्या चॅप्लिनचे सुरुवातीचे दृश्य पंचाहत्तर फूट चालले, आणि ते तसेच ठेवावे की कापावे यावर कंपनीत चर्चा झाली, असे तो लिहितो. अभ्यासक इथेच थांबतात. मी वर्गात पुढचा भाग दाखवतो. रात्रीच्या पायजम्यात कुत्र्याशी खेळता खेळता मेबल खोलीबाहेर अडकते, समोरच्या दाम्पत्याच्या खोलीत शिरते आणि पलंगाखाली लपते. त्या खोलीत माणसे येतात, जातात, भांडतात. चॅप्लिन मार्गिकेत धडपडत असतो. आणि पलंगाखाली मेबल निजून ऐकत असते. सगळी धावपळ वरच्या बाजूला आणि विनोद मात्र खालच्या चेहऱ्यावर, अशी ही रचना आहे. चॅप्लिनचे पंचाहत्तर फूट टिकले हे उत्तमच झाले, पण एकाच चित्रपटात विनोदाच्या दोन संथ जागा आहेत आणि त्यांपैकी एकच इतिहासात नोंदली गेली.

‘मेबल अ‍ॅट द व्हील’च्या वेळचे भांडण प्रसिद्ध आहे. चॅप्लिनला एक गंमत घालायची होती: रस्त्यावर पाणी मारणाऱ्या नळीवर पाय देऊन पाणी थांबवायचे, नळीच्या तोंडात डोकवायचे आणि पाय उचलायचा. मेबलने वेळ नाही, सांगितले तेवढे कर, असे सुनावले; तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला आणि काम थांबले. सेनेट आधी भडकला, मग नमला. चॅप्लिनचे आणखी चित्रपट पाठवा असा न्यू यॉर्कहून तगादा येऊ लागला होता, हे त्यामागचे कारण पुढे चॅप्लिनला कळले. ही हकीकत आपल्यापर्यंत एकाच बाजूने आली आहे, आणि ती सांगणाराही जगातला सर्वांत मोठा विनोदवीर आहे. तरी एवढे म्हटले पाहिजे की ती नळीची गंमत ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्येच दाखवली होती, आणि मेबलसमोर सांता मोनिकातील खऱ्या मोटार-शर्यतीच्या चित्रणाशी जुळवायचा दोन रिळांचा चित्रपट होता. वेळापत्रक सांभाळणारा कोणताही दिग्दर्शक तेच म्हणाला असता. चॅप्लिनला या प्रकरणातून दिग्दर्शनाचा मार्ग मोकळा झाला. मेबलने पुढे त्याच्याबरोबर आनंदाने काम केले. वर्षअखेरीस आलेल्या ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या सहा रिळांच्या चित्रपटात मेरी ड्रेसलर, चॅप्लिन आणि मेबल तिघेही आहेत. मात्र 1914 संपताच चॅप्लिन अनेक पटींच्या पगारावर एसॅने कंपनीत गेला आणि स्वतःचे चित्रपट स्वतः करण्याचा हक्क बरोबर घेऊन गेला. मेबल सेनेटकडेच राहिली. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला निर्णायक फाटा हाच.

पुढचे दीड वर्ष हा पडद्यावरचा तिचा सर्वांत गोड काळ आहे. रॉस्को ‘फॅटी’ आर्बकल या विनोदी नटाबरोबरच्या ‘फॅटी आणि मेबल’ मालिकेत ती संसारी, चेष्टेखोर, लटक्या रागाची बायको आहे. 1916 च्या ‘फॅटी अँड मेबल अ‍ॅड्रिफ्ट’मध्ये नवविवाहित जोडप्याचे किनाऱ्यावरचे घर खलनायक समुद्रात लोटून देतो आणि सकाळी पलंग पाण्यावर तरंगतात, हा भाग कोणालाही हसवील. पण त्याआधी निजलेल्या मेबलवर आर्बकलची सावली हळूच वाकते आणि सावलीनेच तिचे चुंबन घेते. धक्काबुक्कीच्या कारखान्यातून असे दृश्य निघावे, यात दिग्दर्शक आर्बकलचे श्रेय आहेच. परंतु ती सावली जिच्या चेहऱ्यावर पडते तिने तिथे काहीही करायचे नाही हे ओळखले, ही तिची समज.

1916 मध्ये तिच्या नावाने ‘मेबल नॉर्मंड फीचर फिल्म कंपनी’ निघाली आणि तिला स्वतंत्र स्टुडिओ मिळाला. कागदावर ही तिच्या यशाची परमावधी होती. प्रत्यक्षात सूत्रे सेनेटकडे होती आणि कंपनीतून एकच चित्रपट निघाला, तो म्हणजे ‘मिकी’. खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेली एक धटिंगण पोर श्रीमंत नातेवाइकांकडे पाठवली जाते, तिच्याकडे पैसा नाही असे कळताच तिची मोलकरीण होते, पुढे जॉकीचा वेश करून शर्यतीत घोडा पिटाळते, अशी कथा आहे. एफ. रिचर्ड जोन्स याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट तयार होऊन बराच काळ पडून राहिला आणि ऑगस्ट 1918 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा अफाट चालला. त्याच्या नावाचे गाणेही घराघरांत वाजले. पण तोवर मेबल सेनेटशी फारकत घेऊन सॅम्युएल गोल्डविनच्या कंपनीत पगारी तारका म्हणून गेली होती, आणि तो चित्रपट जिंकला त्याचा लाभ तिला मिळाला नाही.

गोल्डविनकडे तिने 1918 पासून डझनाहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट केले. त्यांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे त्यांविषयी ठाम बोलणे उचित नव्हे. उरलेल्यांपैकी ‘व्हॉट हॅपन्ड टू रोझा’ पाहिला तर अडचण लक्षात येते: पटकथा दुसऱ्याची, दिग्दर्शन दुसऱ्याचे, मजकुराच्या पाट्यांवरचे विनोद दुसऱ्याचे, आणि मेबलने त्यात फक्त मेबल असायचे. ती चांगलेच काम करते. मात्र पाच रिळे उचलून धरणारा विनोद आतून, गोष्टीच्या पायापासून रचावा लागतो, आणि तो रचणाऱ्यांत ती उरली नव्हती. त्याच वर्षांत चॅप्लिन, बस्टर कीटन आणि हॅरल्ड लॉइड हे विनोदवीर आपापली पथके बांधत होते: ठरलेले लेखक, ठरलेला छायाचित्रकार, पुन्हा पुन्हा चित्रण करण्याची मुभा. मेबलकडे ते कधीच आले नाही.

1921 मध्ये ती सेनेटकडे परतली आणि जोन्सच्याच दिग्दर्शनाखाली ‘मॉली ओ’, ‘सुझाना’ आणि ‘द एक्स्ट्रा गर्ल’ हे चित्रपट केले. 1923 च्या ‘द एक्स्ट्रा गर्ल’मध्ये हॉलिवूडची स्वप्ने पाहत आलेली मुलगी स्टुडिओच्या कपडेपटात कामाला लागते. एका प्रसंगी सिंहाचे कातडे पांघरलेला कुत्रा समजून ती खऱ्याखुऱ्या सिंहाला दोरीने ओढत स्टुडिओभर हिंडते. सिंह खरा आहे, दोरी खरी आहे, आजूबाजूची माणसे खिडक्यांतून उड्या टाकीत आहेत, आणि मेबल मागे वळून न पाहता आडमुठ्या जनावरावर वैतागते आहे. दहा वर्षांपूर्वीच्या कीस्टोनमध्ये ती जे करीत होती तेच इथे आहे, फक्त आता त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली आहे. एकच प्रसंग पाहायला वेळ असेल, तर हा पाहावा.

आता बदनामीविषयी, आवश्यक तेवढेच. 1 फेब्रुवारी 1922 च्या रात्री दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांचा त्यांच्या राहत्या घरी खून झाला. त्या संध्याकाळी मेबल त्यांच्याकडे गेली होती आणि त्यांना जिवंत पाहणाऱ्यांपैकी ती शेवटची ज्ञात व्यक्ती ठरली. पोलिसांनी तिला संशयित मानले नाही, खून आजतागायत उलगडलेला नाही, आणि वृत्तपत्रांना याच्याशी काही देणेघेणे नव्हते. एका अभिनेत्रीच्या मृत्यूवरून आर्बकलवर भरलेला सदोष मनुष्यवधाचा खटला त्याच सुमारास न्यायालयात होता. तो एप्रिलमध्ये निर्दोष सुटला तरी त्याच्यावर बंदी आलीच, आणि त्याच्यासोबतचे मेबलचे चित्रपट दाखवणेही अवघड झाले. 1 जानेवारी 1924 रोजी तिच्या मोटारचालकाने कोर्टलंड डाइन्स या तेलव्यावसायिकावर गोळी झाडली आणि पिस्तूल तिचे निघाले. डाइन्स वाचला, पण ‘द एक्स्ट्रा गर्ल’ नुकताच लागला असताना काही ठिकाणी तिच्या चित्रपटांवर बंदीची मागणी झाली. या सगळ्याने तिला अपाय झाला नाही असे कोण म्हणेल? परंतु टेलर-प्रकरणानंतरही तिचे दोन मोठे चित्रपट आले, आणि तिच्यावर आर्बकलसारखी अधिकृत बंदी कधीच नव्हती. ज्याच्यापाशी स्वतःचे पथक आणि स्वतःचा पैसा असतो तो असल्या वादळात दोन वर्षे घरी बसून परत येऊ शकतो. पगारी तारकेला ते परवडत नाही, आणि क्षयाने पोखरलेल्या तारकेला तर मुळीच नाही.

1926 मध्ये निर्माता हॅल रोचने तिला लघुपटांसाठी करारबद्ध केले. तिथे जोन्स आधीच देखरेखीच्या पदावर होता, त्यामुळे तिला ओळखीचा हात मिळाला. ‘रॅगेडी रोझ’ आणि ‘द निकल हॉपर’ हे त्या काळातले. दुसऱ्यात ती नाचघरात पैसे घेऊन अनोळखी पुरुषांबरोबर नाचणारी मुलगी आहे. ऑलिव्हर हार्डी वाद्यवृंदात ढोल बडवतो आणि बोरिस कार्लॉफ तिच्यामागे लागलेला एक गिऱ्हाईक म्हणून दिसतो. चेहरा थकलेला जाणवतो, पण टायमिंग तसूभरही चुकत नाही. त्याच सप्टेंबरात तिने नट ल्यू कोडी याच्याशी विवाह केला. 1927 नंतर ती पडद्यावर आली नाही; बोलपटांनी तिला संपवले हे विधान म्हणूनच चुकीचे आहे, कारण बोलपटांची लाट आली तेव्हा ती अंथरुणाला खिळत चालली होती. 23 फेब्रुवारी 1930 रोजी मनरोव्हिया येथील क्षयरोग-रुग्णालयात तिचे निधन झाले. वय सदतीस.

मग चॅप्लिनची सहकलाकार एवढीच ओळख का उरली? याचे उत्तर बरेचसे प्रतींच्या इतिहासात आहे. चॅप्लिन असलेले कीस्टोन-लघुपट पुन्हा पुन्हा वितरित झाले, त्यांच्या शेकडो प्रती निघाल्या, आणि पुढे बोलोन्या, लंडन व पॅरिस येथील संस्थांनी मिळून त्यांचे पद्धतशीर पुनरुज्जीवन केले. गोल्डविनकाळातले चित्रपट कोणी पुन्हा लावले नाहीत आणि त्या काळची नाशवंत नायट्रेट फिल्म कुजून गेली. ‘मॉली ओ’ तर रशियातील संग्रहात सापडला म्हणून वाचला. म्हणजे आपण तिला ज्या सुमारे डझनभर लघुपटांत सहज पाहू शकतो ते तिच्यासाठी कोणी जपलेले नाहीत, आणि स्वाभाविकच त्यांत आपली नजर दुसऱ्याकडे जाते.

पाहताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली म्हणजे वेग. इंटरनेटवरील पुष्कळ जुन्या प्रती सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने उतरवलेल्या आहेत आणि त्यांत माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी पळतात. कीस्टोनमध्ये कॅमेऱ्याचा दांडा काही दृश्यांत मुद्दाम सावकाश फिरवीत, त्यामुळे पडद्यावर हालचाल वेगवान दिसे, म्हणजे थोडी घाई हेतुपूर्वकच आहे; पण त्यावर प्रक्षेपणाची घाई चढली की मेबलचा तो थांबा, जो अर्ध्या सेकंदाचा असतो, डोळ्यांना दिसतच नाही. प्रत तशी असेल तर प्लेअरचा वेग पाऊणपट करून पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. चॅप्लिनपासून सुरुवात करू नये. आधी ‘द एक्स्ट्रा गर्ल’, मग ‘फॅटी अँड मेबल अ‍ॅड्रिफ्ट’, त्यानंतर ‘मिकी’ आणि ‘द निकल हॉपर’ पाहावा, आणि मगच 1914 च्या लघुपटांकडे वळावे. तोवर तिचा चेहरा ओळखीचा झालेला असतो, आणि ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ सुरू झाल्यावर चॅप्लिन मार्गिकेत घसरत असतानाही नजर आपोआप पलंगाखाली जाते.